नापास नमुना

दयाराम नाखवा आमच्या कार्यालयात रुजू झाला ते १९८७ साल होतं. नेमणूकपत्रावर त्याचा हुद्दा 'प्रयोगशाळा परिचर' असा होता. प्रत्यक्षात त्याला एकच काम असायचं. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या बाटल्या भरायच्या, बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि माझ्या टेबलावर आणून द्यायच्या. त्या पाण्यात काय आहे हे शोधून कागदावर लिहिणं माझ्याकडे होतं. मी त्या कार्यालयात कनिष्ठ रसायनशास्त्रज्ञ होते. हवा आणि पाणी तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या जुन्या पनवेलमधल्या दोन भाड्याच्या खोल्या, एवढंच आमचं कार्यालय. धूर ओढून घेणारं कपाट पहिल्या वर्षीच बंद पडलं. त्यानंतर मी सगळ्या चाचण्या खिडकी उघडी टाकून करायची, आणि खाली वह्या-पेन्सिली विकणारे काका रोज तक्रार करायला वर यायचे.

दयाराम शेवरीपाड्याचा. खाडीकाठी साठ-सत्तर घरांचा कोळीवाडा होता तो. वडिलांची होडी होती, काका पाग टाकायचे, म्हणजे हातजाळं फेकून मासे धरायचे. कारखान्यांच्या वसाहतीसाठी गावची खाजणजमीन गेली तेव्हा घरटी एकाला नोकरी मिळेल असं सांगितलं होतं. चार वर्षांनी सहा जणांना मिळाली, त्यात दयाराम एक. तो तेव्हा पस्तिशीचा असेल. उंच, वाळका, कमी बोलणारा. खाडीतलं पाणी बघून भरतीला किती वेळ आहे हे तो घड्याळ न बघता सांगायचा.

पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आलं की तो डबा चमच्याने खातो. भात, कालवण, भाकरीसुद्धा. कार्यालयातले लोक हसायचे, नाखवा साहेब झाला म्हणायचे. एकदा मी त्याचे हात नीट बघितले. नखं जांभळी झाली होती, आणि बोटांच्या पेरांवरची कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटत होती. खात्याने त्याला रबरी हातमोजे दिले नव्हते. मागणीपत्र मीच लिहिलं, तीनदा लिहिलं. दीड वर्षाने मोजे आले ते डाव्या हाताचेच, बारा नग. तक्रार केली तर भांडार विभागाने कळवलं की पुरवठा पूर्ण झाल्याची नोंद झाली आहे.

नमुना घ्यायची रीत कायद्यात अगदी काटेकोर लिहिलेली आहे. आधी कारखान्याला नोटीस द्यायची. त्यांच्या माणसासमोर, ठरलेल्या निचऱ्याच्या तोंडाशी पाणी भरायचं. त्याचे दोन भाग करायचे, बाटल्यांना लाखेचं सील लावायचं, लेबलावर दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. यातली एक गोष्ट जरी चुकली तरी तो नमुना कोर्टात चालत नाही. ज्याने हे कलम लिहिलं तो माणूस नक्कीच प्रामाणिक असेल. त्याने कारखान्याचं गेट मात्र पाहिलेलं नसावं.

आमची जीप गेटवर थांबायची. वॉचमन आत फोन करायचा. मग उपअभियंता निमकर आणि दयाराम यांना केबिनमध्ये बसवायचे. बिस्किटं यायची, चहा यायचा. मॅनेजर जागेवर नाहीत, येतीलच एवढ्यात, असं कोणीतरी सांगून जायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी मॅनेजर यायचे, नोटीस घ्यायचे आणि कपाच्या शेजारी ठेवलेल्या कोऱ्या लेबलांवर तिथेच सह्या करून द्यायचे. म्हणजे नंतर उन्हात उभं राहायला नको. मग सगळे निचऱ्याकडे जायचे. दयाराम वाकून बाटली भरायचा.

हे सगळं मला त्यानेच सांगितलं, नोकरीला लागून वर्ष झाल्यावर. मी त्याला विचारलं होतं की वसाहतीजवळचा नाला रोज वेगळ्या रंगाचा वाहतो, आणि तुम्ही आणलेल्या बाटल्या मात्र बहुतेक पास होतात, हे कसं?

तो म्हणाला, "बाई, पानी थंड असतं."

मला कळेना. मग त्याने समजावून सांगितलं. कारखान्याचं खरं सांडपाणी उकळत्या हौदांतून येतं, ते गरम असतं. ते निचऱ्याला आलं की हाताला चटका बसतो. निमकर आणि तो चहा पीत असतात तेवढ्यात आतला माणूस नळ सोडतो आणि निचऱ्यातून स्वच्छ, थंड पाणी वाहायला लागतं. तेच पाणी तो भरतो. तेच मी तपासते.

मी निमकरांना हे बोलले. कृष्णकांत निमकर तेव्हा चाळिशीचे, पुण्याचे, बोलायला गोड. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की पाण्याच्या तापमानाची मर्यादा नियमात आहे, आणि पाणी त्या मर्यादेत आहे ही तर चांगलीच गोष्ट आहे. पुढच्या दिवाळीत आमच्या कार्यालयात सुक्यामेव्याचे खोके आले. माझाही एक होता. मी तो घेतला नाही असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी तो घरी नेला, आणि माझ्या सासूबाईंनी काजू चांगले आहेत म्हणून सांगितलं.

दयारामची धाकटी बहीण जनी पनवेलच्या मच्छीबाजारात बसायची. तिचं सासर गावातच होतं. नवरा खाडीत जायचा, आणि ती निवटे, बोईट, चिंबोऱ्या, कधी जिताडा घेऊन यायची. मी मूळची गिरगावातली, मासे खाणारी. लग्न होऊन नवीन पनवेलच्या वसाहतीत आले तेव्हापासून मासे जनीकडूनच घ्यायचे. ती दयारामची बहीण आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दयाराम बर्फाच्या पेटीसाठी बर्फ त्याच बाजारातून आणायचा, तेव्हा एकदा दोघांना बोलताना पाहिलं.

१९८९च्या सुमाराला माशांना वास यायला लागला. कच्च्या माशाला यायचा नाही, कालवण उकळलं की यायचा. डांबरगोळीसारखा वास. मी एकदा जिताड्याचं कालवण केलं, झाकण उघडलं आणि कपड्यांची ट्रंक उघडल्यासारखं वाटलं. सगळं पातेलं मोरीत ओतलं. तो वास कशाचा हे त्या बाजारात माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. रंग बनवताना जे पदार्थ लागतात त्यांचा तो वास, आणि तसे पदार्थ वापरणारा कारखाना आमच्या यादीत एकच होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. मालक बदलले आणि पाटीही बदलली. आम्ही त्याला रंगाचा कारखाना म्हणायचो, तेवढं पुरे.

आणि मी काय केलं, तर जनीकडे जायचं बंद केलं. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मुंबईहून बर्फात आलेले पापलेट मिळायचे, ते घ्यायला लागले. जनीने मला लांबून पाहिलं की मी मान वळवायची.

दुसऱ्या बायका माझ्यापेक्षा सरळ होत्या. एका रविवारी आमच्या वसाहतीतली एक बाई शिजवलेलं कालवण स्टीलच्या डब्यात घेऊन परत आली आणि जनीच्या पाटावर, ताज्या माशांवर, ओतून गेली. माझ्या मुलांना विष घालतेस का, असं म्हणाली. मी चार पावलांवर उभी होते. जनीने तिला शिवी दिली नाही. तिने पाटावरचे सगळे मासे टोपलीत भरले, पाट धुतला, कोरडा केला आणि रिकाम्या पाटासमोर बाजार उठेपर्यंत बसून राहिली. सोमवारी दयाराम बर्फ घेऊन आला तेव्हा मी त्याला काही बोलले नाही. त्याने नेहमीसारख्या बाटल्या पेटीत लावल्या आणि जीपमध्ये जाऊन बसला.

१९९१च्या एप्रिलमध्ये खाडीत मासे मेले. असे तसे नाही. ओहोटीला तिवरांच्या झाडांच्या मुळांत, चिखलावर, होड्यांच्या तळाशी, जिकडे बघावं तिकडे मेलेले मासे पांढऱ्या पोटांनी पडले होते. दोन दिवसांत सडले. वास पार पनवेलच्या एस.टी. स्टँडपर्यंत येत होता. वर्तमानपत्रात फोटो आले. विधानसभेत प्रश्न विचारला गेला, आणि मंत्र्यांनी दोषी कारखान्यावर खटला भरू असं उत्तर दिलं. खटला भरायचा तर नापास नमुना हवा. आमच्याकडे रंगाच्या कारखान्याचे चार वर्षांचे नमुने होते आणि सगळे पास होते.

वरून रोज फोन यायला लागले. निमकरांचा चेहरा उतरला. त्यांची बढती त्याच वर्षी व्हायची होती. दोनदा ते कारखान्यात गेले, दोनदा चहा पिऊन थंड पाणी घेऊन आले. तिसऱ्या खेपेला गेटवरून निघताना त्यांनी दयारामला जीपच्या आडोशाला नेलं. लेबलांवर मॅनेजरची सही झालेली होती. निचऱ्यावर आम्ही दोघेच जातो असं सांगून निमकर बाहेर पडले होते, बाटल्या अजून रिकाम्या होत्या.

"मला नापास नमुना पाहिजे," ते म्हणाले. "कुठून आणायचा ते तुझं तू बघ. मला सांगू नकोस."

दयारामला कुठे जायचं ते माहीत होतं. शेवरीपाड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. कारखान्याच्या मागच्या भिंतीपासून जमिनीखालून एक नळी खाडीपर्यंत आणलेली होती. तिचं तोंड तिवरांत होतं, भरतीला पाण्याखाली जायचं. ओहोटीला गुडघाभर चिखलातून गेलं की दिसायचं. त्याने दोन्ही बाटल्या तिथे भरल्या. निमकर रस्त्यावर जीपमध्ये बसून होते. मग लाख वितळवली, सील केलं, सही केलेली लेबलं चिकटवली. लेबलावर निमकरांच्या अक्षरात 'कारखान्याच्या निचऱ्याचे तोंड' असं आधीच लिहिलेलं होतं.

बाटली माझ्या टेबलावर आली ती बर्फाच्या पेटीतून येऊनही अजून कोमट होती. रंग ताडीच्या गुळासारखा. नियमाप्रमाणे पाण्यातल्या घाणीचा जो आकडा अडीचशेच्या आत असायला हवा, तो सात हजार चारशे आला. मी चाचणी पुन्हा केली. सात हजार तीनशे साठ. हे निचऱ्याचं पाणी नाही हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. मी अहवाल लिहिला, सही केली, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या सहीची लाज वाटली नाही.

खटला पनवेलच्या कोर्टात उभा राहायला चार वर्षं लागली. मधल्या काळात निमकर बढतीवर नाशिकला गेले. कारखाना चालूच होता. खटला चालू असताना तो बंद करता येत नाही असं आमच्या खात्याचं मत पडलं. खाडीत मासे परत आले, पण थोडे, आणि वास घेऊनच. जनीच्या नवऱ्याने होडी विकली आणि तो न्हावाशेवाच्या बंदरात ठेकेदाराकडे हमालीला लागला. जनी आता मुंबईच्या धक्क्यावरचा माल आणून विकायची. गिऱ्हाईक विचारायचं, खाडीचा आहे का? ती नाही म्हणायची. तिच्या आईने आयुष्यभर 'खाडीचा हाय, ताजा हाय' असं ओरडून मासे विकले होते.

१९९५च्या जुलैत दयारामची साक्ष लागली. माझी आदल्या तारखेला झाली होती. मला एवढंच विचारलं की बाटलीत काय सापडलं, आणि मी ते सांगितलं. निमकर नाशिकहून आले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात नवी ब्रीफकेस. त्यांनी साक्षीत सांगितलं की नमुना त्यांच्या समोर, कारखान्याच्या निचऱ्याच्या तोंडाशी घेतला. जराही अडखळले नाहीत. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी दयारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, फक्त 'निचऱ्याचं तोंड' एवढे दोन शब्द बोल, बाकी वकील बघून घेतील.

शेवरीपाड्याची पंधरा-वीस माणसं आली होती. जनी भिंतीला टेकून बसली होती. दयाराम माझ्याजवळ आला आणि त्याने मला विचारलं की काय करू.

मीही त्याला तेच सांगितलं. पाणी त्याच कारखान्याचं होतं, मग तोंड हे की ते, काय फरक पडतो? एवढं एक वाक्य बोला आणि मोकळे व्हा.

तो म्हणाला, "बाई, इतकी वर्सं त्यांचं खोटं पानी आमी लाखेनं बंद केलं. आता मना शपथ घालून माजं खोटं बंद करायला सांगताव. मंग त्यांच्यात नि माझ्यात काय रायलं?"

त्याचं नाव पुकारलं गेलं.

कारखान्याचा वकील मुंबईहून आलेला होता. त्याने घाई केली नाही. नोकरी किती वर्षं, नमुने किती घेतले, हे विचारून झाल्यावर त्याने ती बाटली कुठे भरली असं विचारलं. दयारामने सांगितलं. तिवरांत, मागच्या नळीच्या तोंडाशी, कारखान्याच्या भिंतीपासून दीडशे पावलांवर. निमकर ब्रीफकेसचं कुलूप बघत बसले. वकिलाने विचारलं, म्हणजे लेबलावर लिहिलंय ते खोटं? दयाराम हो म्हणाला. मग कोणी काही विचारायच्या आत तो न्यायाधीशांकडे वळला.

"साहेब, ती नळी अजून हाय. आज चार वाजता ओहोटी हाय. कुनीतरी चला, मी दाखवतो."

न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि समजावणीच्या सुरात सांगितलं की कोर्टासमोर प्रश्न नळीचा नाही, या नमुन्याचा आहे. नमुना कायद्याने सांगितलेल्या जागी घेतलेला नसेल तर कोर्टाला त्याकडे बघता येत नाही. आमच्या सरकारी वकिलाने उठून नळीची पाहणी करण्याचा अर्ज द्यायला हवा होता. तो कागद चाळत होता, आणि मग त्याला दुसऱ्या कोर्टात तारीख असल्याचं आठवलं. चार वाजता ओहोटी झाली असणार. तिवरांत कोणी गेलं नाही.

अठरा दिवसांनी कारखाना निर्दोष सुटला. निकालपत्राची प्रत कारखान्याने चौकट करून केबिनमध्ये लावली, असं पुढे जीपच्या ड्रायव्हरने मला सांगितलं. आमची माणसं चहा पीत बसायची त्याच केबिनमध्ये.

कोर्टातून बाहेर पडताना गावची माणसं दयारामशी बोलली नाहीत. गावात बोलणं सुरू झालं ते नंतर. कारखान्याने त्याला काय दिलं असेल याचे अंदाज बांधले गेले. एकाने तर तो आपट्याला नदीकाठी जमीन बघून आला असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो आपट्याला पाण्याचे नमुने आणायला गेला होता, जीप आणि ड्रायव्हरसकट. ज्यांनी स्वतः त्या नळीच्या पाण्यात पाय घालून खाजेने रात्री काढल्या होत्या, तीच माणसं हे बोलत होती. मला त्या कारखान्याची किळस होतीच. त्या आठवड्यात सगळ्यांचीच आली. वकिलाची, निमकरांची, गावाची आणि स्वतःची.

जनीने भावावर आळ घेतला नाही. तिने त्याला जे ऐकवलं ते त्यानेच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, "तू खरं बोललास, बरं केलंस. पन तुझं खरं मी पाटावर मांडून इकू का?" त्यानंतर वर्षभर ती त्याच्या घरी गेली नाही. गणपतीलाही नाही.

खात्याने चौकशी लावली. निमकरांची नाही. त्यांनी लेखी कळवलं की परिचराने परस्पर जागा बदलली, त्यांना कल्पना नव्हती. मी चौकशी अधिकाऱ्याला सांगितलं की जीपच्या आडोशाचं बोलणं दयारामने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, मग चार वर्षं तुम्ही गप्प का होतात? दयारामवर ठपका बसला, एक वेतनवाढ रोखली. माझ्या सेवापुस्तकात काही लिहिलं गेलं नाही.

त्याने नोकरी सोडली नाही. तीन वर्षं तो बाटल्या भरत राहिला, फक्त एक बदल केला. प्रत्येक वेळी निचऱ्याच्या पाण्यात उजवा हात घालायचा आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने सांगायचा, थंड हाय, किंवा गरम हाय. नमुन्याच्या कागदावर तापमानाची नोंद करा म्हणून हटून बसायचा. नवीन आलेले अभियंते त्याला वेडा समजायचे. नंतर आलेली एक मुलगी मात्र तशी नव्हती. किशोरी तिचं नाव. ती कल्याणची होती आणि नुकतीच इंजिनियर झाली होती. तिने दयारामकडून नळीची जागा समजून घेतली, नकाशावर घातली, कारखान्याला त्या नळीबद्दल स्वतंत्र नोटीस दिली आणि मॅनेजरला चिखलात उभं करून पाणी भरलं. चहाला नाही म्हणणारी आमच्या कार्यालयातली ती पहिलीच. तो नमुना कायद्याच्या कुठल्याही कलमात अडकला नसता.

पण तेव्हा धोरणच बदललं. वसाहतीतल्या सगळ्या कारखान्यांचं पाणी एकत्र गोळा करायचं, एका ठिकाणी शुद्ध करायचं आणि एका मोठ्या नळाने खाडीत दूर सोडायचं, अशी सामायिक योजना मंजूर झाली. जे कारखाने योजनेत सामील होतील त्यांच्यावरची जुनी प्रकरणं मिटवायची असं ठरलं. रंगाचा कारखाना सगळ्यांच्या आधी सामील झाला. किशोरीची नोटीस फाईलला लागली आणि तिची बदली झाली.

१९९८च्या जानेवारीत उद्घाटन झालं. मंडप घातला होता, फुलांच्या कमानी होत्या, आणि वाऱ्याची दिशा बदलली की पाहुणे रुमाल नाकाला लावत होते. निमकर मुंबईच्या मोठ्या कार्यालयातून खास आले होते. त्यांनी भाषण चांगलं केलं. उद्योग आणि निसर्ग हातात हात घालून चालतील असं म्हणाले, टाळ्या झाल्या. पाहुण्यांना चांदीचा मासा भेट दिला. खाली शेवरीपाड्याची माणसं बसलीत, त्यांना मासा म्हणजे काय, हे ज्या कोणाच्या डोक्यातून निघालं त्याच्या मनात आलंच नसेल.

नव्या नळावर, तो खाडीत शिरतो तिथे, सिमेंटची चौकोनी टाकी बांधली आणि तिच्यावर पिवळ्या रंगात क्रमांक घातला. नमुन्याची ती अधिकृत जागा. नोटीस नको, गेट नको. केव्हाही जा आणि भरा. पहिल्या महिन्यात दयाराम चार वेळा गेला. मी चारही बाटल्या तपासल्या. मर्यादा अडीचशेची, माझे आकडे अठराशे, दोन हजार शंभर, सतराशे नव्वद, दोन हजार. पाणी खरं होतं, जागा बरोबर होती, सील पक्कं होतं. मी अहवाल त्याच दिवशी पाठवले. दयाराम रोज माझ्या टेबलाशी येऊन विचारायचा, उत्तर आलं का?

उत्तर आलं पाच आठवड्यांनी. योजना नवीन आहे, यंत्रणा स्थिरावेपर्यंत सहा महिन्यांची मुदत देण्यात येत आहे, तोपर्यंत कारवाई करू नये. सहा महिन्यांनी मुदत वाढवली. मग पुन्हा वाढवली. तिसरं पत्र मी दयारामला वाचून दाखवलं. एवढ्या वर्षांत मी त्याला चिडलेलं पाहिलं नव्हतं. तेव्हाही तो चिडला नाही. त्याने पत्र हातात घेतलं, उलटं करून कोरी बाजू बघितली आणि परत दिलं.

"आता तं कुनी लपवतच नाय," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात त्याने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला. सत्तेचाळीस वर्षांचा होता तो. अर्ज आस्थापना शाखेतल्या रमा गडकरींकडे गेला. छापील नमुन्यात निवृत्तीचं कारण लिहायची जागा होती, तिथे दयारामने आपल्या वळणदार अक्षरात 'किळस आली' असं लिहिलं होतं. रमाबाई अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या. असं कारण चालत नाही, वरून परत येईल, तुम्ही त्याला समजवा, असं त्यांचं म्हणणं. मी दयारामला बोलावलं, पण समजावलं नाही. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला समजावलं होतं, तेवढं पुरे होतं. रमाबाईंनीच नवा अर्ज भरला आणि कारण म्हणून 'प्रकृती अस्वास्थ्य' घातलं. दयारामने वाचून पाहिलं, हे पन खोटं नाय म्हणाला, आणि सही केली.

तो बायकोच्या माहेरी, उरणच्या पलीकडे करंजाला गेला. तिथे मेहुण्याची समुद्रात जाणारी मोठी बोट होती. दयाराम बोटीवर गेला नाही, वय नव्हतं ते. किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करायला लागला. दुसऱ्या वर्षी जनी तिकडे त्याला भेटायला गेली आणि चार दिवस राहिली, हे मला तिनेच बाजारात सांगितलं. मी पुन्हा तिच्याकडून मासे घ्यायला लागले होते. तिने मला इतकी वर्षं कुठे होतात असं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

दयारामच्या जागी नवा परिचर मिळायला अकरा महिने लागले. तेवढ्या काळात पिवळ्या क्रमांकाच्या टाकीवर नमुने घ्यायला मीच जायची, बर्फाची पेटी घेऊन. पहिल्या दिवशी मी हातमोजा चढवला आणि मग काढला. पाण्यात हात घातला तेव्हा चटका बसला. बाटली भरली, आकडा लिहिला, अहवाल पाठवला. मुदतवाढीचं चौथं पत्र त्यानंतर तीन आठवड्यांनी आलं.